प्रश्न तुमचे : ॲलेक्स रॉबर्टसन, लोनची वाट आणि इंग्लंडचा परवाना

इंग्लिश फुटबॉलमधील तरुण ऑस्ट्रेलियन खेळाडूंविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे, कारण ज्यांच्याविषयी सर्वाधिक गैरसमज आहेत असे मुद्दे त्यांतच येतात.

प्रश्न (कोल्हापूर) : ॲलेक्स रॉबर्टसन हा मधल्या फळीतला ऑस्ट्रेलियन खेळाडू मँचेस्टर सिटीच्या अकादमीत तयार झाला. तिथून तो लोनवर पोर्ट्समथला गेला, मग कार्डिफने त्याला विकत घेतले आणि २०२५ मध्ये कार्डिफच तिसऱ्या श्रेणीत घसरला. प्रशिक्षक पेप ग्वार्डिओला यांच्या क्लबमधून निघून तिसऱ्या श्रेणीत पोहोचणे, हे कारकीर्द उताराला लागल्याचेच लक्षण नव्हे काय?

उत्तर : नव्हे. एवढे ठामपणे सांगण्याचे कारण असे की, आपण खेळाडूच्या अंगावरचा शर्ट पाहून कारकिर्दीची उंची ठरवतो आणि व्यावसायिक फुटबॉलमध्ये मात्र ती मैदानावरच्या मिनिटांवर ठरते. सिटीची अकादमी ही उत्तम शाळा आहे यात शंका नाही. पण त्या शाळेतून सिटीच्याच पहिल्या संघात जाणारा दरवाजा फार अरुंद आहे. २००३ साली जन्मलेला रॉबर्टसन विशीत आला तेव्हा, म्हणजे २०२३ च्या उन्हाळ्यात, सिटीने प्रीमियर लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग असे तिन्ही करंडक नुकतेच जिंकले होते. इल्काय गुंडोगान बार्सिलोनाला गेल्यामुळे मधल्या फळीत एक जागा रिकामी झाली खरी, परंतु ती भरण्यासाठी क्लबने क्रोएशियाच्या मातेओ कोवाचिचला आणले. रोद्री, केविन डी ब्रुइने आणि बर्नार्डो सिल्वा तर होतेच. अशा रांगेत विशीतल्या मुलाने उभे राहायचे म्हणजे सराव जगातील सर्वोत्तम खेळाडूंबरोबर करायचा आणि शनिवारी प्रेक्षकांत बसायचे.

सिटीलाही हे ठाऊक असते. अकादमीत वाढलेला खेळाडू विकत घेण्यासाठी क्लबने काहीच मोजलेले नसते, त्यामुळे तो विकला की येणारी जवळजवळ सगळी रक्कम हिशेबात नफा म्हणून दिसते. रोमेओ लाविया २०२२ मध्ये साउथॅम्प्टनला आणि कोल पामर २०२३ मध्ये चेल्सीला गेला, तो याच व्यवहाराचा भाग होता. अकादमी चालवण्याचा हेतू केवळ स्वतःचा संघ उभा करणे हा राहिलेला नाही, ही गोष्ट एकदा लक्षात घेतली की रॉबर्टसनचे सिटी सोडणे अपयश वाटेनासे होते. तेथून बाहेर पडणे हा नियमच आहे आणि टिकून राहणे हा अपवाद.

आता लोनविषयी. खेळाडूचा करार मूळ क्लबकडेच राहतो, ठरलेल्या मुदतीपुरता तो दुसऱ्या क्लबसाठी खेळतो आणि त्याच्या पगाराचा भार दोन्ही क्लब ठरवून वाटून घेतात. रॉबर्टसनने आधी स्कॉटलंडमधील रॉस काउंटीत असा काळ काढला, परंतु त्याला खऱ्या अर्थाने घडवले ते २०२३-२४ मधील पोर्ट्समथच्या हंगामाने. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या वीस क्लबांखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू अशा प्रत्येकी चोवीस क्लबांच्या तीन श्रेणी आहेत आणि त्यांतील प्रत्येक क्लब हंगामात ४६ साखळी सामने खेळतो. पोर्ट्समथ तेव्हा लीग वनमध्ये, म्हणजे एकूण शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होता. एकेकाळी, २००८ मध्ये, एफए कप जिंकलेला हा क्लब आर्थिक दिवाळखोरीतून थेट चौथ्या श्रेणीपर्यंत गेला होता आणि २०१२ पासून चॅम्पियनशिपचे तोंड त्याने पाहिले नव्हते.

या दोन जगांतला फरक डोळ्यांसमोर आणून पाहा. सिटीच्या युवा संघाचे सामने होतात त्या अकादमी स्टेडियमची क्षमता सात हजारांची आहे आणि तेही क्वचितच भरते. मैदान गालिच्यासारखे असते, प्रतिस्पर्धीही आपल्याच वयाचे असतात आणि चेंडू पायात आल्यावर मान वर करून पाहायला उसंत मिळते. हरल्यास कोणाच्या घराचा हप्ता थकत नाही. पोर्ट्समथचे फ्रॅटन पार्क जुन्या वस्तीत घरांना खेटून उभे आहे, तेथे जवळजवळ वीस हजार लोक दाटीवाटीने जमतात आणि समोर असतो तीस-बत्तीस वर्षांचा एखादा कसलेला मधल्या फळीतला खेळाडू, ज्याचा पुढच्या वर्षीचा करार त्या दिवशीच्या निकालावर अवलंबून असू शकतो. तो तुम्हाला चेंडू घेऊन वळू देत नाही. कोपर बरगडीत येते, पंच दुर्लक्ष करतात, आणि मंगळवारी रात्री पुन्हा सामना असतो. रॉबर्टसन या वातावरणात बुजला नाही. पोर्ट्समथचे प्रशिक्षक जॉन मुसिन्हो यांच्या संघात त्याने जागा मिळवली आणि बचावाकडून चेंडू घेऊन पुढे नेण्याचे काम तो करू लागला. जानेवारी २०२४ मध्ये मांडीच्या मागच्या स्नायूला झालेल्या दुखापतीने त्याचा हंगाम संपवला. एप्रिलमध्ये बार्न्सलीला ३-२ असे हरवून पोर्ट्समथने लीग वनचे विजेतेपद निश्चित केले तेव्हा तो खेळत नव्हता. तरीही पोर्ट्समथच्या चाहत्यांना तो परत हवा होता, यावरून त्या अर्ध्या हंगामाचे मोल कळते.

ऑगस्ट २०२४ मध्ये कार्डिफ सिटीने त्याला चार वर्षांच्या करारावर घेतले. (कार्डिफ वेल्समध्ये असले तरी हा क्लब पूर्वीपासून इंग्लिश साखळीतच खेळतो आणि १९२७ मध्ये त्याने एफए कपही जिंकला आहे, त्यामुळे रॉबर्टसनची गणना इंग्लिश फुटबॉलमध्ये करण्यास हरकत नाही.) हा निर्णय कागदावर योग्यच होता, कारण एक श्रेणी वर आणि स्वतःचा कायमचा क्लब असे दोन्ही त्यातून साधत होते. परंतु तो क्लबच डळमळीत निघाला. सप्टेंबरमध्ये प्रशिक्षक एरोल बुलुत यांना काढले, त्यांच्या जागी आलेले ओमर रिझा यांनाही एप्रिलमध्ये जावे लागले, शेवटच्या काही सामन्यांसाठी ॲरन रॅम्सीकडे सूत्रे दिली गेली आणि तरीही संघ चोवीसाव्या स्थानावर राहून खाली गेला. एका हंगामात तीन माणसे तीन तऱ्हेने संघ चालवू लागली तर एकवीस-बावीस वर्षांच्या खेळाडूची प्रगती कशी मोजायची, हा प्रश्न मला त्याच्या क्षमतेपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

त्यानंतर जून २०२५ मध्ये कार्डिफने ब्रायन बॅरी-मर्फी यांची नेमणूक केली. हे गृहस्थ २०२१ ते २०२४ या काळात मँचेस्टर सिटीच्या युवा संघाचे प्रशिक्षक होते, म्हणजे रॉबर्टसनला त्यांनी जवळून पाहिलेले आहे. ज्याला आपला खेळ ठाऊक आहे अशा प्रशिक्षकाच्या हाताखाली तिसऱ्या श्रेणीत दर आठवड्याला खेळणे, आणि अनोळखी प्रशिक्षकाच्या हाताखाली दुसऱ्या श्रेणीत बाकावर बसणे, यांतून या वयात मी तरी पहिलेच निवडीन.

प्रश्न (पुणे) : रॉबर्टसनचा जन्म स्कॉटलंडमधील डंडीचा, आईकडून पेरूशी नाते आणि इंग्लंडच्या कुमार संघाशीही संबंध आलेला. मग तो ऑस्ट्रेलियाचा कसा? आणि एकदा ऑस्ट्रेलियासाठी खेळल्यावर देश बदलता येतो का?

उत्तर : तो ऑस्ट्रेलियाचा ठरतो घराण्यामुळे. त्याचे वडील मार्क रॉबर्टसन ऑस्ट्रेलियासाठी खेळले आहेत आणि आजोबाही. मार्क त्या वेळी डंडी क्लबसाठी खेळत होते, म्हणून मुलाचा जन्म तेथे झाला, एवढाच त्या गावाशी संबंध. मार्च २०२३ मध्ये इक्वेडोरविरुद्ध ॲलेक्सने पदार्पण केले तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघाला एकाच घरातील तिसऱ्या पिढीचा पहिला खेळाडू मिळाला.

देश बदलण्याविषयीचा नियम पूर्वी फार कठोर होता. टिम केहिल चौदाव्या वर्षी सामोआच्या वीस वर्षांखालील संघातून खेळला होता आणि तेवढ्या कारणावरून, मिलवॉलसाठी इंग्लंडमध्ये नाव कमावूनही, २००४ मध्ये फिफाने नियम सैल करेपर्यंत त्याला ऑस्ट्रेलियासाठी खेळता आले नाही. आजच्या नियमांनुसार मैत्रीपूर्ण सामन्याने खेळाडू बांधला जात नाही; आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तर एकविसाव्या वर्षापूर्वी राष्ट्रीय संघाकडून तीनपेक्षा अधिक सामने खेळलेले नसतील, त्यांत विश्वचषकाच्या किंवा खंडीय स्पर्धेच्या मुख्य फेरीतील सामना नसेल आणि शेवटच्या सामन्याला तीन वर्षे लोटली असतील, तर देश बदलण्याची मुभा मिळू शकते. इक्वेडोरविरुद्धचा सामना मैत्रीपूर्ण होता, म्हणून त्या दिवशी रॉबर्टसन कायद्याने बांधला गेला नव्हता. मात्र वडील आणि आजोबांचा शर्ट अंगावर चढवणारा मुलगा कायद्याची पळवाट शोधत बसेल असे मला वाटत नाही.

असे गुंतागुंतीचे वंशवृक्ष ऑस्ट्रेलियाच्या संघात नवे नाहीत. उंचापुरा बचावपटू हॅरी साउटर ॲबरडीनचा, परंतु आई ऑस्ट्रेलियातील असल्यामुळे तो ऑस्ट्रेलियाकडून खेळतो आणि त्याचा सख्खा भाऊ जॉन स्कॉटलंडकडून.

प्रश्न (मेलबर्न) : आम्ही नोकरीनिमित्त येथे स्थायिक झालो आहोत. मुलगा चौदा वर्षांचा असून येथील क्लबच्या कुमार संघात डाव्या बाजूने खेळतो. एक एजंट म्हणतात की, काही रक्कम भरल्यास इंग्लंडमधील क्लबांत चाचणीची व्यवस्था करू. लवकर गेला तरच निभाव लागेल. हॅरी क्युएलही पंधराव्या वर्षी गेला होता, असे ते सांगतात. काय करावे?

उत्तर : आधी पैशांविषयी स्पष्ट सांगतो : देऊ नका. ज्या क्लबला मुलगा खरोखर हवा असतो तो चाचणीसाठी पालकांकडून पैसे मागत नाही. शिवाय फिफाच्या २०२३ च्या एजंट नियमावलीनुसार, मुलाला त्या देशात पहिला व्यावसायिक करार करण्याचे वय गाठायला सहा महिने उरण्याआधी एजंटाने त्याच्याशी किंवा पालकांशी संपर्क साधणेच अपेक्षित नाही, आणि त्यानंतरही पालकांची लेखी संमती आवश्यक असते. चौदा वर्षांच्या मुलाच्या घरी येऊन बसलेला एजंट या नियमाकडे पाठ फिरवूनच आलेला आहे.

क्युएलचे उदाहरण खरे आहे, पण ते अर्धेच सांगितले जाते. नव्वदच्या दशकात न्यू साउथ वेल्समधील दोन मुले लीड्स युनायटेडच्या चाचणीला गेली : एक हॅरी क्युएल, दुसरा ब्रेट एमर्टन. क्लबला दोघेही हवे होते. क्युएलचे वडील जन्माने इंग्रज असल्यामुळे त्याच्या वास्तव्याचा प्रश्न सुटला. एमर्टनचा सुटला नाही आणि तो परत आला. पुढे क्युएलने सतराव्या वर्षी, मार्च १९९६ मध्ये, लीड्सकडून पदार्पण केले, १९९७ मध्ये एफए युथ कप जिंकला आणि २००० मध्ये इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेचा सर्वोत्तम तरुण खेळाडूचा पुरस्कार मिळवला. एमर्टन सिडनीत खेळत राहिला, २००० मध्ये नेदरलँड्समधील फेयेनूर्दला गेला आणि २००३ मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्समार्फत प्रीमियर लीगमध्ये पोहोचला, तो चोवीस वर्षांचा, तयार खेळाडू म्हणून. त्याने तेथे आठ हंगाम काढले. तुमच्या एजंटांनी एमर्टनचे नाव घेतले नाही, याचे मला नवल वाटत नाही.

आजची स्थिती तर क्युएलच्या काळापेक्षाही वेगळी आहे. अठरा वर्षांखालील खेळाडूच्या आंतरराष्ट्रीय बदलीवर फिफाचा सर्वसाधारण निर्बंध आहे. युरोपीय संघातील सोळा ते अठरा वयोगटाला जी सवलत आहे, ती ब्रेक्झिटनंतर इंग्लिश क्लबांना उरलेली नाही. आणि पालक फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने दुसऱ्या देशात राहायला गेले, हा मुख्य अपवाद तुम्हाला तेव्हाच लागू होईल जेव्हा तुमची नोकरीच तुम्हाला खरोखर इंग्लंडला नेईल. अठरा वर्षांनंतरही परवान्याची गाठ असतेच. १ जानेवारी २०२१ पासून परदेशी खेळाडूला इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनची शिफारस गुणांकनावर मिळते : राष्ट्रीय संघातील सामने, आधीच्या साखळीचा दर्जा, तेथे मैदानावर घालवलेली मिनिटे अशा निकषांवर एकूण पंधरा गुण भरावे लागतात. जून २०२३ पासून गुण कमी पडणाऱ्या होतकरू खेळाडूंसाठी काही राखीव जागा आल्या, वरच्या दोन श्रेणींतील क्लबांना कमाल चार आणि त्याखालच्या दोन श्रेणींना कमाल दोन. आजी-आजोबा ब्रिटनमध्ये जन्मलेले असल्यास राष्ट्रकुलातील नागरिकाला वंशाच्या आधारे व्हिसा मिळू शकतो. रॉबर्टसनसारख्या मुलाला या साऱ्याची चिंता करावी लागली नाही. तुमच्या मुलाला करावी लागेल.

घाईचे दुसरे टोक पाहायचे तर गरांग कुओलकडे पाहा. दक्षिण सुदानी कुटुंबातील हा मुलगा तुमच्याच व्हिक्टोरिया राज्यातील शेपर्टनमध्ये वाढला. ऑस्ट्रेलियातील सेंट्रल कोस्ट मरिनर्स या क्लबसाठी बदली खेळाडू म्हणून येऊन त्याने असे काही गोल केले की, सप्टेंबर २०२२ मध्ये न्यूकॅसल युनायटेडने त्याच्याशी करार जाहीर केला. त्याच वर्षी ३ डिसेंबरला कतारमधील विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध, संघ १-२ असा मागे असताना, अगदी शेवटच्या क्षणी चेंडू गोलपासून काही पावलांवर त्याच्याकडे आला. पाठ गोलकडे होती, त्याने चेंडू थांबवला, गर्रकन वळून फटका मारला आणि एमिलियानो मार्तिनेझने अंग पसरून तो अडवला. अठरा वर्षांच्या मुलाच्या हातून, पुढे जगज्जेता ठरलेला संघ जादा वेळेत ओढला जाता जाता राहिला. त्यानंतर काय झाले? स्कॉटलंडमधील हार्ट्सला लोन, तेथे नथॅनियल ॲटकिन्सन, कॅमेरॉन डेव्हलिन आणि काय रोल्स हे देशबांधव असूनही मर्यादित संधी. मग नेदरलँड्सच्या फोलेंडाममध्ये लोन आणि त्या संघाची घसरण. मग पुन्हा मरिनर्स. २०२५ मध्ये तो स्पार्टा प्रागला गेला, तोवर न्यूकॅसलच्या पहिल्या संघाकडून एकही अधिकृत सामना त्याच्या नावावर नव्हता. त्याच्यात गुण नव्हते असे कोणी म्हणणार नाही. पण घरच्या साखळीत सुरुवातीपासून खेळण्याची सवय होण्याआधीच त्याला उचलले गेले, आणि ती सवय लोनवर, दर सहा-आठ महिन्यांनी नव्या गावात, नव्या प्रशिक्षकापुढे लावून घेणे फार अवघड असते.

म्हणून तुमच्या मुलासाठी माझा सल्ला असा : शाळा चालू ठेवावी, मेलबर्नमध्येच ए-लीगच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियातील सर्वोच्च साखळीच्या, क्लबाच्या अकादमीची चाचणी द्यावी आणि अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी ए-लीगमध्ये सामने मिळतील असे पाहावे. जॉर्डन बॉस मेलबर्न सिटीतून बेल्जियमच्या वेस्टर्लोला आणि तेथून फेयेनूर्दला गेला, तो एमर्टनच्याच पायवाटेने. इंग्लंडही मग दूर राहत नाही : २०२४ च्या उन्हाळ्यापासून वर्षभरात जेकब फॅरेल, हेडन मॅथ्यूज, थॉमस वॉडिंगहॅम आणि एड्रियन सेगेचिच हे चौघे ए-लीगमधून थेट पोर्ट्समथला गेले आहेत. पंधरा-सोळाव्या वर्षी बोल्टनला जाऊन तेथे जम न बसलेला ॲरन मूय तर मायदेशी परतला, वेस्टर्न सिडनी आणि मेलबर्न सिटीत खेळून मोठा झाला आणि २०१७ मध्ये हडर्सफील्डला प्रीमियर लीगमध्ये नेणाऱ्या संघाचा कणा बनला.

प्रश्न (कोल्हापूर) : आमच्याकडे पेठापेठांत फुटबॉल आहे, शाहू स्टेडियमवर तालमींच्या सामन्यांना तोबा गर्दी होते. येथील मुलाला ऑस्ट्रेलियन मुलांसारखी इंग्लंडची वाट का मिळत नाही?

उत्तर : एक कारण वर आलेच आहे. परवान्याच्या गुणांकनात राष्ट्रीय संघाचे सामने धरले जातात ते फिफाच्या क्रमवारीत पहिल्या पन्नासांत असलेल्या देशांचे. ऑस्ट्रेलिया त्यात बसतो, भारत बसत नाही. भारताकडून प्रत्येक सामना खेळलेल्या खेळाडूलाही त्या रकान्यात काही मिळत नाही. आजी-आजोबांच्या जन्मस्थानाचा आधारही आपल्याकडे क्वचितच निघतो.

तुमच्या गावाच्या अनिकेत जाधवचे उदाहरण याच संदर्भात पाहावे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला हा मुलगा पुढे सरावासाठी काही महिने ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये राहून आला. तो क्लब नोव्हेंबर २०१० पासून पुण्याच्या वेंकीज समूहाकडे आहे. समूहाने क्लब घेतला तेव्हा एमर्टन तेथेच खेळत होता. मालक महाराष्ट्रातले असूनही सरावाच्या पुढची पायरी, म्हणजे कराराची, तेथे उघडली नाही, कारण मालकाची इच्छा असली तरी परवाना फुटबॉल असोसिएशनच्या गुणांवरच मिळतो. सध्या तरी अशा मुलाने आधी मधल्या दर्जाच्या एखाद्या युरोपीय किंवा आशियाई साखळीत सामने मिळवणे हाच मार्ग आहे, आणि त्यासाठी इंडियन सुपर लीगच्या क्लबांनी अठरा-एकोणीस वर्षांच्या भारतीय मुलांना बाकावरून उठवून मैदानात उतरवले पाहिजे.